पलीकडची खुर्ची

शिवाजी पेठेत भाड्याची खोली शोधत मी त्यांच्या दारात उभी राहिले, तेव्हा त्यांनी मला नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही, आडनावही विचारलं नाही. आडनाव न विचारणारा घरमालक मी पहिल्यांदाच पाहत होते. खिडकीजवळच्या टेबलावर बुद्धिबळाचा पट मांडलेला होता. अलीकडे त्यांची हाताची लाकडी खुर्ची, पलीकडे घडीची लोखंडी. त्यांनी लोखंडी खुर्चीकडे बोट दाखवलं आणि म्हणाले, "बस. पांढरी तुझी. चाल कर."

मी गडहिंग्लजहून बदली होऊन आले होते आणि मावसबहिणीच्या हॉलमध्ये पथारी टाकून दिवस काढत होते. खोलीसाठी मी बुद्धिबळच काय, लंगडीही खेळले असते. लहानपणी शिकलेलं थोडंफार आठवत होतं, म्हणून एक प्यादं पुढे सरकवलं. त्यांनी विचारलं, किती चाली पुढचं बघून केलीस? मी खरं ते सांगितलं. काही बघितलं नव्हतं, प्यादं कडेला होतं आणि हाताला जवळ आलं. त्यांनी मान हलवली, भिंतीवरच्या खिळ्याला अडकवलेली किल्ली काढली आणि वरची खोली दाखवायला जिन्याकडे निघाले. डाव तिथेच राहिला.

ही भाडेकरूंची परीक्षा होती हे मला नंतर त्यांच्या बायकोने, म्हणजे काकूंनी सांगितलं. माझ्या आधी एक इंजिनिअर आला होता. त्याने अभिमानाने पाच चाली पुढचं बघतो म्हणून सांगितलं, तर त्याला चहा पाजून परत पाठवलं. पाच चाली पुढचं बघणारा भाडेकरू घर बळकावतो, असं घरमालकांचं, म्हणजे काकांचं, ठाम मत होतं. अकरा महिन्यांचा करार लिहिताना त्याच्या डोक्यात बारावा महिना चालू असतो, म्हणे. काहीच न बघणारा बरा, त्याला शिकवता तरी येतं. माझी नोकरी विमा कचेरीत आहे, म्हणजे धंदाच माणसाच्या मरणापर्यंतचं बघण्याचा आहे, हे मी पहिले काही महिने त्यांना सांगितलं नाही.

ते पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. त्यांना मूलबाळ नव्हतं. खाली ते आणि काकू, वर आम्ही भाडेकरू, आणि संध्याकाळी पुढच्या खोलीत त्यांची फुकट शिकवणी. तिथे पेठेतली मोठी माणसं यायची, कारण पोरं त्यांच्या वाऱ्यालाही उभी राहत नसत. पोरं मोबाइलवर खेळून तयार झालेली, त्यांना दोन चालींचा मास्तर कशाला हवा असेल? येणाऱ्यांत एक दूध डेअरीवाला होता, एक निवृत्त हेडमास्तर होते, आणि पुढे मीही खाली जाऊन बसायला लागले.

त्यांचा नियम एकच होता. शिकाऊ माणसाने दोनच चाली बघायच्या. एक आपली, एक त्याची. तिसरी बघायची नाही. तिसरी बघतोय असा नुसता संशय आला तरी ते पटावर हात आडवा धरायचे. हेडमास्तरांना हे काही केल्या पटत नसे. मोठे खेळाडू दहा-दहा चाली बघतात असं त्यांनी कुठेतरी वाचलं होतं आणि हे ते रोज सांगायचे. काकांचं उत्तरही रोजचं ठरलेलं.

"मास्तर, दहा चालीतल्या पाच त्याच्या. त्या त्यानं खेळायच्या का तुम्ही? लांबचं बघणारा माणूस समोरच्याच्या चाली सोताच खेळतोय. आणि आपल्या सोयीच्या खेळतोय. मग समोरचा दुसरंच कायतरी करतोय आणि ह्याचा सगळा बंगला खाली येतोय."

याला एकच सूट होती. समोरच्याला एकच वाट असेल, म्हणजे शह बसलाय आणि पळायला एकच घर आहे, तर पुढे जायला हरकत नाही. जिथे त्याला दोन वाटा आहेत तिथे थांबायचं. पुस्तकांत याला मोठी नावं असतील. त्यांना ती माहीत नव्हती, असती तरी त्यांनी घेतली नसती.

आणि त्याची चाल बघायची म्हणजे नुसतं मनात बघायचं नाही. उठायचं, टेबलाला वळसा घालायचा आणि पलीकडच्या खुर्चीत बसून बघायचं. दोन्ही हात मांडीखाली, म्हणजे सोंगटीला चुकून हात लागायला नको. प्रत्येक चालीआधी हे असं. त्यामुळे त्यांच्या शिकवणीत खेळण्यापेक्षा उठबसच जास्त व्हायची. डेअरीवाल्याचे गुडघे दुखायला लागले आणि त्याने येणं बंद केलं. पण मला एक सांगायला हवं, की पलीकडे बसलं की खरंच दिसायचं. ज्या घोड्याच्या जिवावर मी उड्या मारत होते तो पलीकडून बघितला की फुकट मरायला उभा असायचा. तीच सोंगटी, तेच घर, पण अलीकडून ती माझी आशा असायची आणि तिकडून दुसऱ्याचं खाणं.

ही पलीकडे जाण्याची सवय त्यांना पटापुरती ठेवता आली असती तर बरं झालं असतं. मंडईत ते भाजीच्या गाड्याला वळसा घालून विकणाऱ्या बाईच्या शेजारी उभे राहायचे आणि तिथून वांगी बघायचे. बाया ओरडायच्या. काका शांतपणे सांगायचे, तुला कुठली कीड दिसतीय ते बघतोय. एकदा दवाखान्यात तपासणी झाल्यावर त्यांनी डॉक्टरला उठायला सांगितलं होतं. आणि फुटबॉलच्या हंगामात तर त्यांनी कहर केला. आपल्या तालमीचा, म्हणजे पेठेच्या संघाचा, सामना दुसऱ्या पेठेशी, अख्खी शिवाजी पेठ एका बाजूला, आणि हे जाऊन बसले समोरच्या पेठेच्या पोरांत. त्यांना आपली बचावफळी तिकडून कशी दिसते ते बघायचं होतं. आपल्या पोरांनी त्यांना फितूर म्हटलं, तिकडच्या पोरांनी हेर म्हटलं, आणि दोन्हीकडच्या शिव्या खाऊन ते घरी आले. आल्याआल्या त्यांनी काकूंना सांगितलं, की आपला डावा बॅक अगदीच कच्चा आहे.

काकू फारसं बोलायच्याच नाहीत. त्या स्वयंपाकघराच्या दारात बसून भाजी निवडायच्या आणि पुढच्या खोलीतली सगळी शिकवणी त्यांच्या कानावरून जायची. जगातल्या झाडून सगळ्या खुर्च्यांवरून बघणारा हा माणूस त्या दारातल्या पाटावरून कधी बघत नाही, हे मला बरेच दिवस लक्षात आलं नव्हतं. लक्षात आलं तेव्हा मी ते माझ्यापाशीच ठेवलं. भाडेकरूने किती बोलावं यालाही मर्यादा असते.

दोन चालींचा नियम त्यांना कुणी शिकवला नव्हता, तो त्यांना लागला होता. ही हकीगत मला त्यांनी सांगितली नाही. पेठेने सांगितली, आणि ती सांगताना पेठ अजून हसते.

काकांचे वडील देशी डाव खेळायचे. जुन्या देशी डावात राजाला एक सवलत असते. अख्ख्या डावात एकदा त्याला घोड्यासारखी अडीच घरांची उडी मारता येते. अट एवढीच, की तोवर त्याला शह बसलेला नसावा. एकदा शह बसला की उडी गेली, मग राजाने एकेक घरच चालायचं. वडलांनी पोराला हाच खेळ शिकवला. पुढे काका मोठे झाले, स्पर्धांत खेळू लागले, तिथले नियम वेगळे. तिथे राजाला उडी नाही. ते त्यांना चांगलं ठाऊक होतं आणि वर्षानुवर्षं ते त्या नियमांनीच खेळत होते.

मग एका मोठ्या स्पर्धेत शेवटच्या फेरीत ते इचलकरंजीच्या एका खेळाडूविरुद्ध बसले. जिंकले असते तर पहिला नंबर. पट बघत बराच वेळ बसले, आणि मग त्यांनी वजीर मारायला दिला. बघणारे उठून जवळ आले. काकांनी पुढच्या सात चाली मोजल्या होत्या आणि त्या साती चाली बरोबर निघाल्या. प्रत्येक चालीला समोरचा तेच खेळला जे काकांनी आधी बघितलं होतं. आठव्या चालीला, समोरच्यावर मात करायला एकच चाल उरलेली असताना, काकांनी राजा उचलला आणि अडीच घरं पलीकडे नेऊन ठेवला.

समोरच्याला आधी कळेचना. मग त्याने पंचांना बोलावलं. पंच म्हणाले ही चाल नाही, आणि राजाला हात लागलाय म्हणजे राजाच हलवायला हवा. हलवायला एकच घर होतं. तिथे मात होती. हॉलमध्ये हसण्याचा जो गदारोळ झाला तो, म्हणतात, रस्त्यावर ऐकू आला. त्यानंतर ते स्पर्धेत खेळले नाहीत. पावसाळ्यात रस्त्यावरचं डबकं ओलांडताना कुणीतरी हमखास विचारायचं, काय मालक, उडी मारताय काय? तेही हसायचे, आणि डबक्याला वळसा घालून जायचे.

मी एकदाच धीर करून त्यांना त्याबद्दल विचारलं. ते चिडले नाहीत. सोंगट्या पेटीत भरता भरता म्हणाले, "सात चाली बरोबरच हुत्या गं पोरी. आठवी आमच्या बापाच्या घरातली हुती. लांब गेलं की माणूस शेवटी तिथंच पोचतोय."

हे मला त्या वेळी फक्त ऐकायला छान वाटलं. ते खरं असू शकतं असं वाटलं नाही.

मग एका उन्हाळ्यात, मंडईतून परत येताना, त्यांच्या छातीत कळ आली. भाजीची पिशवी हातात तशीच धरून ते एका दुकानाच्या पायरीवर बसले. दुकानदाराने रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. झटका सौम्य होता, पण तपासण्या झाल्यावर डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, की बायपास करून घ्या, वेळ घालवू नका. पुढच्या वेळी सौम्य येईलच असं नाही.

काका घरी आले आणि विचार करायला बसले. उन्हाळा गेला, पाऊस सुरू झाला, राधानगरी धरण भरलं, रंकाळ्यावर पोरं भजी खायला जाऊ लागली, आणि काका अजून विचारच करत होते. शिकवणी बंद झाली. मी कचेरीतून आले की ते मला हाक मारायचे आणि पटावर सोंगट्या मांडून आपलं भवितव्य समजावून सांगायचे. हे प्यादं म्हणजे ऑपरेशन. ते केलं, आणि टेबलावरच गेलो. मग ही एकटी. मग कोपऱ्यावरचा पुतण्या येणार आणि म्हणणार, काकू आमच्याकडं चला. ही जाणार. घराला कुलूप. मग पुतण्या कागद पुढं करणार, ही सही करणार, मग बिल्डर, आणि मग ही पुतण्याच्या मागच्या खोलीत, सुनेच्या हातचं मागून खाणार. बोलता बोलता त्यांचे डोळे भरून यायचे. काकूंच्या शेवटच्या दिवसापर्यंत त्यांनी सगळं बघून ठेवलं होतं, कुठल्या कुशीवर झोपतील इथपर्यंत.

आणि ऑपरेशन नाही केलं तर? असं विचारलं की ते खुर्चीत मागे टेकायचे. आमचा बाप नव्वदी गाठून गेला, दवाखान्याची पायरी चढला न्हाय, असं म्हणायचे. तिकडे मात्र एक चालही पुढे बघायला ते तयार नव्हते.

मी विम्याच्या धंद्यातली. अशा वेळी काय बोलायचं याचं आम्हाला प्रशिक्षण असतं. मी ते सगळं बोलले आणि त्याचा काडीचाही उपयोग झाला नाही. जिना उतरताना त्यांच्या खोकण्याचा आवाज आला की मी थांबून ऐकायचे. मला ते माझ्या वडलांच्या जागी झाले होते आणि मला त्यांचं मरण नको होतं, एवढी साधी गोष्ट होती.

एका रविवारी सकाळी तेच चाललं होतं. मी लोखंडी खुर्चीत, काका त्यांच्या खुर्चीत, काकू दारात मेथी निवडत. काका पुतण्याच्या मागच्या खोलीपर्यंत पोचले होते. काकू उठल्या. मेथीचं ताट त्यांनी खाली ठेवलं, पदराला हात पुसले आणि पटाजवळ आल्या. मला त्यांनी हाताने बाजूला व्हायला सांगितलं. मग काकांना म्हणाल्या, "उठा. पलीकडच्या खुर्चीत बसा."

काका म्हणाले, कशाला?

"सगळ्यांस्नी बसवता की. बसा."

काका उठले. टेबलाला वळसा घालून लोखंडी खुर्चीत बसले. सवयीने त्यांनी दोन्ही हात मांडीखाली घेतले. काकू त्यांच्या लाकडी खुर्चीत बसल्या. त्या खुर्चीत मी त्यांना कधी बसलेलं पाहिलं नव्हतं, आणि काकांनीही पाहिलं नसावं, कारण ते त्यांच्याकडे बघतच राहिले.

"आता तुम्ही माझ्या जागंवर हायसा," काकू म्हणाल्या. "ऑपरेशन केलं. तुम्ही गेला. माझी चाल काय, सांगा."

"तू पुतण्याकडं जाणार—"

"ती तुम्ही खेळलासा. माझी सांगा."

बाहेर तालमीसमोर कुणीतरी गाडी धूत होतं, त्या पाण्याचा आवाज येत होता.

"मी कुठं जाणार न्हाय," काकू म्हणाल्या. "पुतण्याला चहा पाजून परत लावणार. वरच्या खोल्या हायत, भाडं येतंय, ही पोरगी हाय. सही करायला मी काय आंधळी हाय? इतकी वर्सं तुमचं ऐकत आलोय मी त्या दारात बसून. समोरच्याच्या चाली सोता खेळू नका म्हणून जगाला शिकवलासा. माझ्या सगळ्या तुम्हीच खेळून टाकल्या की हो."

आवाज चढलेला नव्हता. गवार किती घेऊ हे विचारावं तेवढाच होता. काका हलक्या आवाजात म्हणाले, पण आमचा बाप नव्वदी—

"मामंजींना शह बसला नव्हता," काकू म्हणाल्या. "तुम्हांस्नी बसलाय. त्या पायरीवर बसलासा तवाच बसलाय. शह बसल्यावर राजाला उडी न्हाय. देशी डावात बी न्हाय. मामंजीच सांगायचे."

मी भ्याले. काकांना हरताना मी पाहिलं होतं, चिडताना पाहिलं होतं, पण असं पाहिलं नव्हतं. ते लोखंडी खुर्चीतून आपल्या लाकडी खुर्चीकडे बघत होते. त्यात बसलेली बाई त्यांच्या पोटापाण्याचं बघत म्हातारी झाली होती, आणि त्यांच्या जाण्याची तयारी करायला ती एकटीच उरली होती. तिथून काय दिसतं ते त्यांना त्या दिवशी दिसलं असावं. त्यांनी मांडीखालचे हात बाहेर काढले. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "दवाखान्यात फोन लाव."

ऑपरेशनच्या दिवशी मी रजा टाकली. स्ट्रेचर आत नेताना त्यांनी वॉर्डबॉयला थांबवलं आणि काकूंना म्हणाले, माझी चाल झाली. काकू म्हणाल्या, व्हय. मग दार बंद झालं. आम्ही दोघी बाकावर बसलो. मी डोक्यात काय काय रचत होते, नको नको ते. काकूंना विचारलं, भीती वाटतेय का? त्या म्हणाल्या, वाटतीय की, पण दार उघडूस्तवर वाटून घेतो, त्याच्या फुडचं बघत न्हाय.

दार उघडलं तेव्हा डॉक्टरांनी मास्क खाली ओढला आणि सगळं नीट झाल्याचं सांगितलं. काकूंनी त्यांना नमस्कार केला आणि मला आधी चहा घेऊन ये म्हणाल्या.

काका बरे झाले. छातीवर व्रण, खिशात गोळ्या, रंकाळ्याला सावकाश एक फेरी. शिकवणी पुन्हा सुरू झाली, पण काकांनाही प्रत्येक चालीला उठावं लागायचं आणि त्याला डॉक्टरांची मनाई होती. तेव्हापासून ते पटच उलटा फिरवायला लावायचे. हेडमास्तर म्हणाले हे आधीच का सुचलं नाही. काका म्हणाले, खुर्चीची सर पट फिरवण्याला न्हाय.

पुढे माझी पुन्हा गडहिंग्लजला बदली झाली आणि माझी खोली बघायला एक नवं जोडपं आलं. मी सामान बांधत होते, मध्येच निरोप घ्यायला खाली आले तर परीक्षा चालू होती. नवरा लोखंडी खुर्चीत, बायको भिंतीला टेकून उभी. पोरगा हुशार होता, नुसत्या चालीवर थांबला नाही. त्याने आयुष्यच मांडलं. दोन वर्षं इथे, मग पुण्याला नोकरी, मग फ्लॅट, मग हिने नोकरी सोडायची, कारण तोवर मूल झालेलं असेल, मग आईबाबांना तिकडे बोलवायचं. काका ऐकत होते. त्यांचा चेहरा मला माहीत होता. आता चहा येणार आणि पोरगा परत जाणार.

चहा घेऊन काकू आल्या. त्यांनी कप नवऱ्यासमोर ठेवला आणि भिंतीला टेकलेल्या मुलीला विचारलं, "आणि तुझी चाल काय गं?"

मुलगी दचकली. नवऱ्याकडे बघितलं, मग काकूंकडे. म्हणाली, "मला आधी वरचं स्वयंपाकघर बघू दे."

काकूंनी खिळ्यावरची किल्ली काढून तिच्या हातात दिली. दोघी जिन्याकडे गेल्या. नवरा पटाकडे बघत तसाच बसून राहिला, आपण पास झालो की नापास हे त्याला कळत नव्हतं. काकांनी त्याला सांगितलं नाही. डॉक्टरांची मनाई होती तरी ते खुर्चीच्या हातावर जोर देऊन उठले, त्या पोराचा दंड धरून त्याला उठवलं आणि म्हणाले, "चल. वर जाऊन त्यांच्या बाजूला उभं राहून बघू."